मशीन बसवलं की पोरगं बोलेल का?

कर्णबधिर मुलांच्या घरांतून आलेल्या पत्रांचा रोख बहुतेक एकाच गोष्टीवर आहे: कॉक्लिअर इम्प्लांट (ऑपरेशन करून कानात बसवायचं ऐकण्याचं मशीन) करावं की नाही. बेळगाव, खानापूर, निपाणी, हुक्केरी, चिकोडी भागातली पत्रं या वेळी घेतली आहेत. नावं गाळली आहेत. उत्तरं ऑडिऑलॉजिस्ट (ऐकणं तपासणारे तज्ज्ञ) आणि कर्णबधिर मुलांच्या विशेष शिक्षिका यांनी मिळून दिली आहेत.

मुलगी चौदा महिन्यांची आहे. बेरा तपासणीत (आवाजाला ऐकण्याची नस प्रतिसाद देते का ते यात बघतात) दोन्ही कानांना ९० डेसिबलला प्रतिसाद नाही असं आलं. पण मागे थाळी वाजवली की वळते. सासूबाई म्हणतात, हिचा बापही तीन वर्षांचा झाल्यावर बोलला, थांबा. डॉक्टर म्हणतात, थांबू नका. कुणाचं ऐकावं?
— एक आई, खानापूर तालुका

डॉक्टरांचं. मात्र 'थांबू नका' म्हणजे 'उद्याच ऑपरेशन' असं नाही.

आधी थाळीचं बघू. थाळी वाजली की आवाजाबरोबर फरशीतून हादरा जातो, वाजवणाऱ्याची सावली हलते, समोर बसलेल्या आजीची नजर तिकडे जाते. यातलं काहीही मूल टिपतं. ज्याचे कान साथ देत नाहीत ते डोळ्यांनी फार चलाख असतं. शिवाय बेराची नेहमीची 'क्लिक'वरची तपासणी मुख्यतः वरच्या पट्टीचं ऐकणं मोजते. खालच्या पट्टीचं थोडं शिल्लक असेल तर थाळी, ढोल, ट्रॅक्टर कळतो; पण 'स', 'श', 'च' कळत नाही, आणि ते कळल्याशिवाय बोलणं उमगत नाही.

वडिलांचं उदाहरण इथे लागू पडत नाही. ते उशिरा बोलले असतील, पण लहानपणी 'तांब्या आण' म्हटलं की आणत होते ना? ऐकणारं मूल गप्प असलं तरी त्याच्या डोक्यात शब्द साठत असतात. तुमच्या मुलीच्या कानावर गेले चौदा महिने शब्दच पडलेले नाहीत.

आता करायचं ते या क्रमानं. कानाच्या पडद्यामागे पाणी साठलंय का हे टिम्पॅनोमेट्री या तपासणीनं बघायचं, कारण सर्दीत बेरा बिघडलेला दिसू शकतो. ओएई करायची, म्हणजे आतल्या कानातल्या पेशी काम करतात का त्याची तपासणी. ओएई चांगली आणि बेरा नाही, असं आलं तर दोष ऐकण्याच्या नसेत असण्याची शक्यता असते. तो वेगळा आजार आहे आणि त्याचे उपायही वेगळे ठरतात. मग एएसएसआर, म्हणजे प्रत्येक पट्टीत किती ऐकू येतं त्याचा अंदाज. या सगळ्यांबरोबर खोलीत बसवून, खेळणी दाखवून केलेली वर्तन-तपासणी हवीच. नुसत्या एका बेरावर ऑपरेशन ठरवू देऊ नका.

आणि याच आठवड्यात दोन्ही कानांना श्रवणयंत्रं लावा. इम्प्लांट होणार असलं तरीही. नीट जुळवलेली यंत्रं दिवसभर तीनेक महिने घालून मगच त्यांचा उपयोग किती हे ठरतं. बाळाचा कान वाढतो, यंत्राचा कानात बसणारा साचा दोन-तीन महिन्यांत सैल होतो आणि यंत्र शिट्टी मारायला लागतं. तेव्हा यंत्र काढून ठेवायचं नाही, साचा नवा करून घ्यायचा. यंत्र घालूनही बोलण्याचे बारीक आवाज पोचत नसतील तर इम्प्लांटचा विचार करायचा. तोवर एमआरआय आणि कानाच्या हाडाचा सीटी स्कॅन उरकून घ्या. ऐकण्याची नसच नसेल किंवा फारच बारीक असेल तर इम्प्लांटचा फायदा होत नाही किंवा अगदी थोडा होतो, आणि हे ऑपरेशनच्या टेबलावर कळून चालत नाही.

हे मशीन मेंदूत बसवतात का? ऑपरेशनमध्ये नेमकं काय करतात, धोका किती?
— वडील, निपाणी

मेंदूत नाही. आतल्या कानात गोगलगायीसारखी अडीच वेढ्यांची एक पोकळी आहे, तिला कॉक्लिआ म्हणतात. तिच्यातल्या केसांसारख्या पेशी आवाजाचं विजेत रूपांतर करून नसेला देतात. जन्मतः आलेल्या बहुतेक तीव्र बहिरेपणात या पेशी काम करत नाहीत, पण नस शाबूत असते. इम्प्लांट त्या पेशींना वगळून थेट नसेला वीज देतं.

संचाचे दोन भाग. बाहेरचा कानामागे अडकवायचा: माइक, प्रोसेसर, बॅटरी, आणि केबलीच्या टोकाला चुंबक असलेली गोल कॉइल. आतला भाग कातडीखाली, कानामागच्या हाडावर बसतो. त्यातून निघालेली बारीक तार कॉक्लिआत सरकवलेली असते. तारेवर बारा ते बावीस विद्युत टोकं असतात. कंपनीनुसार आकडा बदलतो. कॉक्लिआच्या तोंडाशी असलेली टोकं वरची पट्टी ऐकवतात, आत खोलवरची खालची. बाहेरची कॉइल आणि आतलं यंत्र कातडीच्या दोन बाजूंनी चुंबकानं चिकटतात. कुठे भोक नाही, बाहेर लोंबणारी तार नाही.

पूर्ण भूल देऊन साधारण दोन-तीन तासांचं काम. कानामागे छेद, मागचं हाड कोरून मधल्या कानापर्यंत वाट, तिथून तार कॉक्लिआत. टाके घालण्याआधी प्रत्येक टोक चालतं का आणि नस प्रतिसाद देते का हे संगणकावर तपासतात. एक-दोन दिवसांत घरी सोडतात. कोरायच्या वाटेजवळून चेहऱ्याची नस जाते, म्हणून अनुभवी सर्जन आणि नसेवर नजर ठेवणारं यंत्र दोन्ही हवीत. जखमेत जंतुसंसर्ग, काही दिवस चक्कर, जिभेच्या एका बाजूची चव बदलणं असे त्रास होऊ शकतात. आतलं यंत्र पुढे बंद पडून पुन्हा ऑपरेशन लागणं क्वचित, पण घडतं.

दोन गोष्टी मात्र आधीच विचारून घ्या. एक, लस. इम्प्लांट झालेल्या मुलांना न्यूमोकोकस जंतूमुळे होणाऱ्या मेंदूज्वराचा धोका इतरांपेक्षा जास्त असतो. सरकारी लसीकरणातल्या पीसीव्ही या न्यूमोकोकसवरच्या लसीचे तीन डोस (दीड महिना, साडेतीन महिने, नऊ महिने) झालेत का ते कार्डावर बघा. ठरलेले डोस ऑपरेशनच्या निदान दोन आठवडे आधी पुरे व्हायला हवेत. दोन वर्षं पूर्ण झाल्यावर त्याच जंतूच्या २३ प्रकारांवरची आणखी एक लस लागते. ती विकत घ्यावी लागते आणि नेमकी तीच राहून जाते. दोन, ज्या कानात तार जाईल त्यातलं उरलंसुरलं नैसर्गिक ऐकणं बऱ्याचदा जातं. त्या कानाला पुढे साधं श्रवणयंत्र उपयोगी पडेल अशी आशा धरू नका.

ऑपरेशनच्या दिवशी मूल ऐकायला लागत नाही. जखम भरल्यावर, दोन ते चार आठवड्यांनी मशीन चालू करतात. त्या दिवशी बहुतेक मुलं रडतात, दचकतात, काही नुसतीच गप्प बसतात. मोबाइलवर फिरणाऱ्या हसऱ्या बाळांच्या व्हिडिओंशी आपल्या मुलाची तुलना करू नका.

एकूण खर्च किती? कर्नाटकातून मदत मिळते की महाराष्ट्रातून? आम्ही दोन्हीकडे फिरून दमलो.
— पालक, बेळगाव तालुका

एका कानाचा खर्च साध्या संचाला साधारण सहा लाखांपासून सुरू होतो, वरच्या मॉडेलला बारा-पंधरा लाखांपर्यंत जातो. वरचं मॉडेल म्हणजे मूल लवकर बोलतं असं नाही.

तुमचं रेशन कार्ड कर्नाटकचं, म्हणून सुरुवात कर्नाटकातून करा. अंगणवाडीत येणाऱ्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकाकडून किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रातून मुलाची नोंद करून जिल्हा रुग्णालयातल्या डीईआयसी (लहान मुलांच्या लवकर तपासणी-उपचाराच्या) केंद्राकडे चिठ्ठी घ्यायची. तिथून राज्याच्या 'श्रवण संजीवनी' योजनेत नाव जातं. ती सहा वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी आहे. दुसरी वाट केंद्र सरकारच्या, दिव्यांगांना साधनं देणाऱ्या ॲडिप योजनेची. तिचं इम्प्लांटचं काम मुंबईची अली यावर जंग राष्ट्रीय संस्था पाहते आणि ती देशभरातल्या मुलांना खुली असते. त्यात उत्पन्नाची अट आहे, आणि जन्मतः बहिऱ्या मुलांसाठी वयाची अट पाच वर्षांची. दोन्ही योजना एका कानाचा खर्च देतात असं धरून चाला. दुसऱ्या कानाला श्रवणयंत्र लावत राहायचं, तो कान रिकामा सोडायचा नाही.

महाराष्ट्र सरकारनं २०२३ साली सीमाभागातल्या ८६५ गावांना महात्मा फुले जन आरोग्य योजना लागू करायचं ठरवलं, कर्नाटकानं त्याला हरकत घेतली, हे तुम्ही वाचलंच असेल. आमचं मत स्पष्ट आहे: या वादाचा निकाल काहीही लागो, त्यावर मुलाचं वय खर्ची घालू नका. दोन राज्यांच्या रांगेत घालवलेलं एक वर्ष कुठलीही योजना परत देत नाही.

कागद: मुलाचा जन्मदाखला, आईवडिलांची आणि मुलाची आधार कार्डं, रेशन कार्ड, नाडकचेरीतून उत्पन्नाचा दाखला, यूडीआयडी (दिव्यांग ओळख) कार्ड, सगळे तपासणी अहवाल, लसीकरण कार्ड. फाइल अडते ती बहुधा नावापाशी. मराठी नाव आधी कन्नडात आणि मग इंग्रजीत लिहिलं गेलं की रूप बदलतं. ज्ञानेश्वर एका कागदावर 'डी'नं सुरू होतो, दुसऱ्यावर 'जे'नं. अर्ज भरण्याआधी सगळे कागद शेजारी शेजारी ठेवून एक-एक अक्षर जुळवा, दुरुस्ती आधी करून घ्या.

आणि खरा खर्च पुढचा. योजना मशीन देते. केबल, कॉइल, बॅटऱ्या आणि मॅपिंगच्या (मशीनचा आवाज मुलाला जुळवून घेण्याच्या) फेऱ्या पुढे बऱ्याचदा तुमच्याच खिशातून जातात. आतल्या भागाची हमी साधारण दहा वर्षांची, बाहेरच्या प्रोसेसरची तीन-पाच वर्षांचीच असते. प्रोसेसर जुना झाला की नवा लाखांत जातो. म्हणून सही करण्याआधी कंपनीच्या माणसाला चार गोष्टी लेखी विचारा: हमी किती वर्षांची, केबल आणि कॉइलची आजची किंमत काय, दुरुस्तीला गेल्यावर बदली मशीन मिळेल का, आणि बेळगाव-हुबळी-कोल्हापूरपैकी सर्वांत जवळचं मॅपिंग कुठे. मॅपिंगसाठी दरवेळी बंगळूर किंवा मुंबई गाठावी लागणार असेल तर महागडं मॉडेल घेऊनही ते अर्धवटच चालतं.

घरी मराठी, अंगणवाडीत कन्नड, ऐकण्या-बोलण्याच्या थेरपीच्या बाई कन्नड-इंग्रजी बोलतात. त्या म्हणतात, एकच भाषा ठेवा, कन्नड ठेवा. मुलगा तीन वर्षांचा, इम्प्लांट होऊन पाच महिने झाले. आम्हाला कन्नड कामापुरतंच येतं.
— आई, हुक्केरी तालुका

सुरुवातीला एका भाषेवर जोर द्या हे खरं, पण ती भाषा तुमची असावी. मुलाला भाषा थेरपीच्या पाऊण तासात मिळत नाही. ती मिळते भांडी घासताना, आंघोळ घालताना, भाकरी थापताना. मोडक्या कन्नडमध्ये तुम्ही त्याला 'ये', 'बस', 'खा' एवढंच म्हणाल. मराठीत म्हणाल, 'अगं बाई, दूध उतू चाललं, पळ, गॅस बंद कर!' यातलं दुसरं हवं. रागावणं, लाड, गोष्ट, अंगाई हे सगळं ज्या भाषेत आपोआप येतं तीच त्याची पहिली भाषा. कन्नड पुढे येईल. इम्प्लांटची मुलं दोन भाषा शिकतात. थेरपिस्टला मराठी येत नसेल तर त्यांच्याकडून तंत्र शिका, शब्द तुमचे वापरा.

तंत्र म्हणजे काय, ते थोडक्यात. सकाळी मशीन लावलं की सहा आवाजांची चाचणी: आ, ऊ, ई, म, श, स. ओठ झाकून, मुलाच्या मशीनच्या बाजूनं हातभर अंतरावरून, नेहमीच्या आवाजात, पुढे-मागे क्रम बदलून. ऐकू आला की त्यानं डब्यात एक मणी टाकायचा. हे सहा आवाज बोलण्याच्या खालच्या पट्टीपासून वरच्या पट्टीपर्यंत पसरलेले आहेत. काल 'स' ऐकणारं मूल आज ऐकत नसेल तर आधी मशीन तपासा, मग सर्दी. तरीही दोन दिवसांत सुधारलं नाही तर मॅपिंगला न्या. वहीत तारीख घालून लिहून ठेवलंत तर ऑडिऑलॉजिस्टचं निम्मं काम झालं.

दिवसभरात 'आधी कान, मग डोळे'. वस्तू दाखवण्याआधी नाव म्हणा, थांबा, मग दाखवा. 'ऐक! कुकरची शिट्टी!' आणि मग कुकरकडे बोट. प्रश्न विचारून तोंडाकडे बघत बसू नका. पाच-सात सेकंद थांबा, त्याला वेळ लागतो. टीव्ही बंद. टीव्हीच्या आवाजात मशीनला बोलणं वेगळं काढता येत नाही, आणि टीव्ही तुमच्या मुलाला उत्तर देत नाही.

अपेक्षा ऐकण्याच्या वयाप्रमाणे ठेवा. तुमचा मुलगा तीन वर्षांचा, पण ऐकण्यात पाच महिन्यांचा. या टप्प्यावर तो नावाला वळला, 'नाही' म्हटल्यावर थबकला, आवाज काढून खेळायला लागला, तर ठीक चाललंय. 'ट-त', 'ल-ळ' यांतला फरक मशीनमधून पकडायला अवघड जातो. 'बाळ'चं 'बाल' ऐकून घाबरू नका. ऐकणारी मुलंही 'ळ' उशिराच म्हणतात.

शाळेचं आताच सांगून ठेवतो. २०१५ च्या कायद्यानं कर्नाटकातल्या शाळांत कन्नड पहिली किंवा दुसरी भाषा म्हणून आली. त्याच वेळी २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याचं कलम १७ म्हणतं की अशा मुलांसाठी अभ्यासक्रम आणि परीक्षेत बदल करायचे. त्यात जादा वेळ आणि दुसऱ्या-तिसऱ्या भाषेतून सूट हेही आहे. सूट घ्यायलाच हवी असं नाही, इथे राहायचं तर कन्नड कामाचंच. पण तीन लिप्यांच्या ओझ्यानं मूल मागे पडायला लागलं तर मुख्याध्यापकांकडे लेखी अर्ज करा आणि त्यात कलमाचा उल्लेख करा.

आम्ही दोघंही कर्णबधिर. घरात खुणांची भाषा. मुलगी दीड वर्षाची, तीही कर्णबधिर. तिला चाळीस-पन्नास खुणा येतात. नातेवाईक म्हणतात, 'ऑपरेशन फुकट होतंय, तिलाही तुमच्यासारखंच मुकं ठेवणार का?' आम्ही चूक करतोय का?
— एक जोडपं, बेळगाव

आधी 'मुकं' या शब्दाबद्दल. कर्णबधिर माणसाचा गळा ठणठणीत असतो. बोली ऐकू आली नाही म्हणून बोली आली नाही, एवढंच. आणि तुमची मुलगी तर बोलतेच आहे, हातांनी. दीड वर्षाला चाळीस-पन्नास शब्द म्हणजे ऐकणाऱ्या मुलांच्या तोडीचं.

इथे तुमचं घर इतर घरांहून वेगळं पडतं. कर्णबधिर मुलांपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक मुलं ऐकणाऱ्या आईबापांच्या पोटी जन्मतात. त्या घरात खुणांची भाषा कुणालाच येत नसते. तिथे आम्ही घाईचं बोलतो ते एवढ्यासाठी, की पहिली दोन-तीन वर्षं कुठलीच भाषा मिळाली नाही तर मुलाच्या विचारांचा पायाच कच्चा राहतो आणि तो पुढे पक्का होत नाही. तुमच्या मुलीवर ते संकट नाही. त्यामुळे नातेवाइकांचा 'ठेवणार का' हा प्रश्नच चुकीच्या जागी उभा आहे.

तरीही निर्णय सोपा नाही, आणि एक गोष्ट झाकून ठेवणं बरं नाही. मेंदूतला ऐकण्याचा भाग आवाजाला सर्वांत चांगला तयार होतो तो साडेतीन वर्षांच्या आत. सातनंतर ती शक्यता फार उरत नाही. इम्प्लांट करून पुढे तिनं मशीन काढून ठेवलं, तर तिच्या हाती खुणांची भाषा राहतेच. आज केलं नाही आणि पंधराव्या वर्षी तिनं मागितलं, तर तेव्हा केलेल्या ऑपरेशनमधून बोली भाषा उमगण्याची आशा फार थोडी. दोन्ही बाजूंनी पुढे मुलगी तुमच्यावर रागावू शकते, 'का केलंत' असा किंवा 'का नाही केलंत' असा.

करायचं ठरवलंत तर तिच्याशी दिवसभर तोंडानं कोण बोलणार, हे आधी ठरवा. आजी, काका, शेजारची काकू, अंगणवाडीच्या बाई. रोज काही तास, नेमानं. ते जमत नसेल तर मशीन नुसतं कानावर बसेल. थेरपी केंद्र निवडताना 'खुणा बंद करा, हात धरून ठेवा' म्हणणारं टाळा. खुणांमुळे बोलणं मागे पडतं हा जुना समज आहे. खुणांची भाषा घरातूनच पक्की मिळालेल्या इम्प्लांटच्या मुलांची बोलीही चांगली वाढल्याचं अभ्यासांत दिसलं आहे. शिवाय आंघोळ, झोप, बॅटरी संपणं, यांत मशीन उतरलेलं असतं. तेव्हा ती पुरती बहिरीच असते.

नाही करायचं ठरवलंत तर तोही विचारपूर्वक घेतलेला निर्णय आहे, त्याला कमीपणा नाही. मग वाचनाकडे दुप्पट लक्ष हवं, कारण बाहेरच्या जगाशी तिचा मोठा व्यवहार लिहून होणार. दिल्लीच्या भारतीय सांकेतिक भाषा संशोधन व प्रशिक्षण केंद्रानं २०२१ मध्ये दहा हजार शब्दांचा व्हिडिओ-कोश काढला, तो नातेवाइकांना दाखवा आणि रोज पाच खुणा शिकायला लावा. आपल्या भागात या भाषेची एक गंमत आहे: राज्यांच्या सीमेवरचा कोगनोळीचा नाका ओलांडला की बोली बदलते, पाट्या बदलतात, पण कोल्हापूरच्या आणि हुबळीच्या कर्णबधिर माणसांचं एकमेकांशी छान जमतं. काही शब्द वेगळे, बांधणी तीच.

ऐकणाऱ्या आईबापांनी हे उत्तर स्वतःच्या सोयीनं वाचू नये. ऑपरेशन नको म्हणायचं आणि खुणाही शिकायच्या नाहीत, पोरगं देवावर सोडायचं, हे या जोडप्यासारखं नाही.

मुलगा नऊ वर्षांचा, जन्मापासून ऐकू येत नाही, यंत्र कधी घातलं नाही. एक एजंट म्हणतो, पैसे भरा, इम्प्लांट करून देतो, वर्षात बोलेल.
— आजोबा, चिकोडी तालुका

भरू नका. आवाज येईल, पण गाडीचा हॉर्न, दाराची कडी असा. त्यातून शब्द उमगणं या वयात सुरू झालं तर फारच थोडं. नव्या गोंगाटाला कंटाळून अशी बरीच मुलं मशीन काढून टाकतात. तेच पैसे आणि तोच जोर खुणांची भाषा येणाऱ्या शाळेवर आणि लिहिण्या-वाचण्यावर लावा. नऊ वर्षं उशीर झालाच आहे, दहावं घालवू नका. आधी ऐकत-बोलत असलेलं आणि मग तापानं किंवा अपघातानं बहिरं झालेलं मूल असतं तर उत्तर वेगळं असतं. मेंदूज्वरानंतर तर काही आठवड्यांतच कॉक्लिआत हाड भरायला लागतं, तिथे खरोखरच धावपळ करावी.

इम्प्लांट होऊन दोन वर्षं झाली. मुलगी मशीन ओढून टाकते, लावलं की रडते. पावसात तर बंदच पडतं. आता कपाटात आहे.
— वडील, खानापूर

कपाटातून काढा, पण थेट कानावर नको. आधी ऑडिऑलॉजिस्टकडे. मशीन ओढून टाकणं हा बऱ्याचदा हट्ट नसतो, तक्रार असते.

पहिला संशय मॅपवर. प्रत्येक टोकाला किमान किती वीज दिली की ऐकू येतं आणि किती दिली की नकोसं होतं, या दोन रेषांमधला नकाशा म्हणजे मॅप. वरची रेषा जास्त लागली असेल तर भांडं पडलं तरी सुरी खुपसल्यासारखं वाटतं. एखादं टोक चेहऱ्याच्या नसेला डिवचत असेल तर आवाजाबरोबर डोळा फडफडतो. घरी बारीक बघा आणि सांगा, ते टोक बंद करता येतं. उलट मॅप फार कमी असेल तर मूल रडत नाही, नुसतं दुर्लक्ष करतं. दोन वर्षांत किती मॅपिंग झाली? पहिल्या वर्षी दर महिना-दोन महिन्यांनी, पुढे तीन आणि मग सहा महिन्यांनी व्हायला हवीत. कपाटात राहिलेल्या मशीनचा जुना मॅप जसाच्या तसा लावू नका.

मग कॉइलखालची कातडी. लाल, ओलसर, दुखरी असेल तर चुंबक जास्त ताकदीचं आहे. कमी ताकदीचं मिळतं. सारखं गळून पडत असेल तर उलट, किंवा केस दाट झालेत, तेवढ्या जागी बारीक करा. कातडी काळसर पडली किंवा फुटली तर त्याच दिवशी सर्जनकडे.

तिसरा संशय केबलवर. सर्वांत जास्त तीच मोडते, बाहेरून धड दिसते आणि आतून तुटलेली असते. म्हणून जादा केबल घरात असायलाच हवी. मशीन बंद वाटलं तर क्रम असा: बॅटरी बदला, मग केबल, मग कॉइल. एका वेळी एकच वस्तू बदलली तर दोष कुठे ते कळतं. बटणाच्या बॅटऱ्या इम्प्लांटसाठीच्या ६७५ जास्त ताकदीच्या घ्याव्या. स्टिकर काढून पाच मिनिटं हवा लागू द्यावी, मग बसवाव्या.

खानापूरचा पाऊस हे मशीनचं खरं दुखणं. जून ते सप्टेंबर रोज रात्री मशीन बॅटरी काढून कोरड्या डब्यात, सिलिका जेलच्या पुड्यांसोबत. पुड्यांचा रंग बदलला की त्या ओलावल्या. तव्यावर मंद गरम करायच्या किंवा बदलायच्या. बटणाच्या बॅटऱ्या त्या डब्यात ठेवू नका, त्या सुकून जातात. माइकच्या जाळीवर तेल आणि पावडर जाऊन बसते, आणि आवाज भरड होतो. म्हणून केसांना तेल लावल्यावर निदान तासभर थांबा. चार्जिंगचं मशीन असेल तर वीज जाते म्हणून भरलेली दुसरी बॅटरी हवी.

पुन्हा सवय लावताना पहिल्या दिवशी अर्धा तास, शांत खोलीत, आवडत्या खेळाबरोबर. रोज थोडं वाढवत दोन-तीन आठवड्यांत पूर्ण दिवस. जागेपणी दहा-बारा तास, हे उद्दिष्ट. रोज दोन तास घातलेल्या मशीनमधून भाषा येत नाही. घालणं जमतच नसेल, तर तेही थेरपिस्टशी उघड बोला आणि खुणा सुरू करा. मशीन कपाटात आणि मुलीला भाषाही नाही, असं आणखी एक वर्ष काढू नका.

माझं लग्न मामाच्या मुलीशी झालंय. पहिला मुलगा कर्णबधिर. दुसऱ्याचं काय?
— निपाणी

दोन्हीकडच्या घरांत कुणी बहिरं नसतानाही हे घडतं. आई आणि वडील दोघांकडे एकाच जनुकातला तोच दोष दडलेला असेल तर प्रत्येक गरोदरपणात शक्यता चारात एक. नात्यात लग्न झालं की दोघांत तोच दोष असण्याची शक्यता वाढते. भारतात कनेक्सिन-२६ नावाच्या जनुकातला दोष बऱ्याच मुलांत सापडतो, म्हणून आधी मुलाच्या रक्ताची जनुक-तपासणी करून समुपदेशन घ्या. बायकोला दोष देणाऱ्यांना सांगा, असा दोष दोन्हीकडून आल्याशिवाय मूल बहिरं होत नाही. दुसरं बाळ जन्मलं की पहिल्या महिन्यात ओएईबरोबर बेराही करा. दोष निघालाच तर सहा महिन्यांच्या आत यंत्र कानावर हवं.

इम्प्लांट झालेला मुलगा कुस्तीला गेला तर चालेल का? आणि गणपतीत डॉल्बीसमोर?
— बेळगाव

कुस्ती, कबड्डी नको. डोक्यावर मार बसून आतलं यंत्र फुटू शकतं. धावणं, क्रिकेट (हेल्मेट घालून), सायकल चालेल. पोहताना बाहेरचा भाग काढून ठेवायचा. प्लास्टिकच्या घसरगुंडीवरून घसरताना मशीन उतरवा, घर्षणाच्या विजेनं मॅप बिघडू शकतो. एमआरआय सांगितला तर आधी इम्प्लांटचं कार्ड दाखवा. काही मॉडेलचं चुंबक काढावं लागतं. टॉन्सिल वगैरे कुठलंही ऑपरेशन असेल तर सर्जनला सांगा, डोक्या-मानेजवळ साधं विजेचं कॉटरी (रक्त थांबवायला डागण्याचं उपकरण) चालत नाही. डॉल्बीसमोर इम्प्लांटला इजा होत नाही, पण त्याला त्या गोंगाटात काही समजणार नाही. दुसऱ्या कानात थोडं ऐकणं शिल्लक असेल तर तिथे नेऊच नका.